आधी भोक, मग खिडकी

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठीला लेकीकडे कैरीचं लोणचं घालत होते. हात मसाल्याने माखलेले, म्हणून लेकीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे प्रशांत होता, सिंधूचा मुलगा. "मोठी आई, आई गेली... सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलंच." मी म्हटलं, "निघतो आम्ही." माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती. मनात आलं, आता ही बोलणार नाही. वीसेक वर्षं मी तिच्या तोंडून एका वाक्याची वाट पाहत होते, आणि ती बाई ते वाक्य सोबत घेऊन निघून गेली. मला राग आला. बरणीला फडकं बांधलं, हात धुतले, मग निघाले.

सिंधू माझी धाकटी जाऊ. नंदनवन वस्तीतल्या एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात आमचे दोघींचे संसार झाले. सासूबाई गेल्या, दोघींचे नवरे गेले, आणि शेवटी त्या घरात प्रशांत, त्याची बायको आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या उरलो. घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत बायकांची रडारड. सिंधूचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, कामाच्या टेबलावर बसली की मिटायची तसंच. मी प्रशांतला बाजूला घेतलं. "जाताना काही बोलली का गा?"

"पाणी मागितलं."

"अजून?"

"अजून काही नाही. काहून, मोठी आई?"

"काही नाही," मी म्हटलं. त्या पोराला वाटलं, आईने माझं नाव घेतलं का ते मी विचारते आहे. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "वेळच नाही भेटला तिले." वेळ नाही भेटला! मी त्याचा हात सोडवून घेतला आणि आत चहाचं पाहायला गेले.

तेरवीला लोक बोलले. कोणी म्हणालं, मनमिळाऊ होत्या. कोणी म्हणालं, कधी कोणाला दुखवलं नाही. मी पंगतीत वाढत होते आणि ऐकत होते. मनमिळाऊ! पाहुण्यांसमोर माझ्या वरणाची चव घेऊन, न बोलता उठून मिठाचा डबा आणणारी बाई. मी चौथीपर्यंत शिकलेली आणि ती मॅट्रिक, म्हणून लाइटचं बिल माझ्या हातातून घेऊन मलाच वाचून दाखवणारी बाई. घरात आमच्याशी "मले-तुले" बोलायची आणि बाहेरचं माणूस आलं की पुस्तकातलं मराठी काढायची, जसं आपण पाहुण्यांसाठी कपाटातले कप काढतो. पेपरच्या पुरवणीत तिच्यावर लिहायचं म्हटल्यावर प्रशांत म्हणाला, "मोठी आई, चांगलं लिहा बरं." मी जे आहे ते लिहिते आहे. खोटं गोड लिहिलं असतं तर सगळ्यात आधी तिनेच नाक मुरडलं असतं.

त्या तेरवीला शेवटी मोघे मास्तर बोलले. मोघे आमच्याच गल्लीत राहतात, शाळेत चित्रकला शिकवायचे, माझ्याच वयाचे असतील. आमचं काम त्यांच्यामुळे सुरू झालं. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सिंधूताईंच्या हातून एक भोक वाकडं गेलं नाही. असा हात पुन्हा होणार नाही." माझ्या हातात वाढायची कढी होती. मी म्हटलं, "आणि पत्रा कोण धरत होतं, मास्तर?" शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं मला भरून आलं आहे. मोघे म्हणाले, "हो, हो, तुम्हीही होतातच बाई." ती सिंधूताई, मी नुसती बाई. तेही सिंधूचंच करणं. पण ते नीट कळायला आमचं काम काय होतं ते आधी सांगावं लागेल.

मोघ्यांचा जीव लहान आगगाड्यांत. खेळण्यातल्या नव्हे. खऱ्या गाडीचं माप घेऊन, ती लहान करून, पितळी पत्र्याची हुबेहूब गाडी ते बनवतात. अशा गाड्या विकत घेणारी माणसं मोठी असतात, शिकलेली, परगावची. दाढी पिकलेली माणसं गाड्यांशी खेळतात याचं मला अजून हसू येतं, पण ते असो. डबा वीतभर. त्याला खिडक्या, पायऱ्या, आणि दाराशी चढताना आपण धरतो त्या दांड्या. ती दांडी म्हणजे केसासारखी तार, आणि तार बसवायला दोन्ही टोकांना एकेक भोक, बारीक सुई जाईल न जाईल एवढं. आणि पत्रा लग्नपत्रिकेच्या कागदासारखा पातळ. त्या वेळी मी इतवारीतल्या एका सराफासाठी काळे मणी ओवून द्यायची. मोघ्यांनी मला ओट्यावर ओवताना पाहिलं आणि विचारलं, "पत्र्याला भोकं पाडाल का?" मी म्हटलं, "कढईला पडतात तशी?" ते हसले आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पत्रे घालून घेऊन आले.

काम मी शिकले. खुणेवर टोकदार पंच ठेवायचा, हातोडीने अगदी हलकी टिचकी मारायची, म्हणजे बारीक खळगा पडतो आणि ड्रिल घसरत नाही. ड्रिल म्हणजे पेनासारखी एक मूठ, तिच्या तोंडात सुईएवढं बिट. बिट मेणबत्तीला टेकवायचं, म्हणजे अडकत नाही. पत्र्याखाली सागवानाचा ठोकळा. मग बोटांनी मूठ फिरवत राहायचं. दाबायचं नाही. ज्याला घाई आहे त्याने हे काम करू नये. आणि खरी गोम शेवटी असते. भोक आरपार जायच्या वेळी बिट पत्र्याला पकडतं. जाड लोखंड असेल तर काही होत नाही, पण पातळ पत्रा बिटासोबत उचलला जातो, गरकन फिरतो आणि मुरडतो. म्हणून दुसरं माणूस लागतं. ते समोर बसून भोकाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी पत्रा दाबून धरतं. पत्रा सुटायच्या आधी किंचित शहारतो. मूठ फिरवणारीला ते कळत नाही, धरणारीच्या बोटांना कळतं. कळलं की धरणारीने नखाने ठोकळ्यावर ठक करायचं, फिरवणारीने "हं" म्हणायचं, हात हलका करायचा आणि शेवटचे वेढे फुंकर घातल्यासारखे द्यायचे. मग पत्रा उलटा करून भोकाच्या मागे उठलेला खरखरीत काठ, म्हणजे बर, काढून टाकायची.

मी फिरवायची, सिंधू समोर बसून धरायची. सासूबाईंनीच तिला बसवलं होतं, दोघी एका कामात असल्या की भांडणार नाहीत म्हणून. सासूबाईंचं हे एक अनुमान साफ चुकलं. कूलरवरून तर रोज. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरशिवाय जीव राहत नाही, पण कूलर लावला की पितळेचा बारीक कीस उडतो, डोळ्यात जातो, मेणबत्ती विझते. "बंद कर वं तो कूलर." "बाई, जीव जाऊन राहिला माझा." "जीव गेला तर मग बंद कर." "तुमच्या अंगात रक्तच नाही, तुमाले काय गरम होते?" असं बोलत बोलत घाम पुसायचा, कारण घामाचं बोट पत्र्याला लागलं की डाग पडतो. पण काम चांगलं व्हायचं. तिचं ठक वेळेवर यायचं. मी तिला तेवढं श्रेय देते, याहून जास्त नाही.

तिला मूठ हवी होती. पहिल्या दिवसापासून. ती उमरेडकडची. लग्न होऊन छोट्या गाडीने आली होती, त्या लहान रुळांच्या गाडीने, आता ती बंद झाली. मोघे त्याच गाडीचे डबे बनवायचे. एकदा पत्रा धरून ती म्हणाली, "या दांडीले धरून मी इतवारीले उतरली, नवी साडी पायात येऊन राहिली होती. या दांडीचं भोक मी पाडतो म्हटलं तर काय बिघडते?" मी म्हटलं, "तू उतरली म्हणून दांडी तुझी झाली का? त्या दांडीले धरून बकऱ्या घेतलेले लोकही उतरले." ती हसली नाही. मीही मूठ दिली नाही. काम मला दिलेलं होतं, मी का देऊ?

आता त्या कामाचा एक नियम आहे, तो इथे महत्त्वाचा आहे. आधी भोक, मग खिडकी. म्हणजे पत्रा अख्खा असतानाच सगळी भोकं पाडून घ्यायची आणि मग बारीक आरीने खिडक्या कापायच्या. खिडक्या आधी कापल्या तर दोन खिडक्यांमध्ये पत्र्याची नुसती काडी उरते. त्या काडीत भोक पाडायला गेलं की ती पिळली गेलीच म्हणून समजा, देव येऊन धरून बसला तरी. आरीचं काम सिंधूकडे होतं आणि हा नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता.

माझी लेक लग्नाची झाली होती तेव्हाची गोष्ट. मोघ्यांकडे मोठं काम आलं होतं, अख्ख्या गाडीचं, आणि आमच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या असतात त्यांना सांगायला नको, सोळा भाज्या, पुरण, आंबील, घर डोक्यावर असतं. मी बाजारात गेले असताना सिंधूने वेळ वाचवायला म्हणून सगळ्या पत्र्यांच्या खिडक्या कापून टाकल्या. मी आले, पाहिलं, आणि पिशवी हातातच राहिली. "काहून कापलं वं आधी?"

"काही होत नाही. हलक्या हाताने पाडा तुम्ही."

"पिळते ते."

"नाही पिळत. मी धरतो ना घट्ट. उद्या मास्तर येतील, मग काय सांगता, बाजारात होती म्हणून?"

दुसरा पत्रा नव्हता. मी बसले. एकेक काडी पिळली. पहिल्या भोकालाच मी थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण खिडक्या कापल्या तेव्हाच ते काम मेलं होतं, भोकं पाडली काय आणि न पाडली काय. सिंधू समोर पत्रा धरून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं येणं. पावलं काढून झाली, मुखवटे बसले, आणि तेवढ्यात मोघे दारात. त्यांनी पत्रे उचलले, उजेडात धरले. खिडक्या आणि भोकं दोन्ही झाल्यावर आधी काय केलं ते पत्रा सांगत नाही. "हे कसं झालं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सिंधू पुढे झाली, डोक्यावरून पदर सारखा केला आणि कपाटातलं मराठी काढलं. "काय सांगू मास्तर... बाईंचा हात हल्ली थरथरतो हो. वय झालं. आम्ही घरात बोलत नाही त्यांना वाईट वाटेल म्हणून."

माझा हात! मी केसाएवढ्या तारेत मणी ओवणारी. मी बोलणार होते, तेवढ्यात आतून सासूबाई खाकरल्या. आमच्या घरचा नियम होता, महालक्ष्म्या घरात असेतोवर आवाज चढला नाही पाहिजे, देवी रुसून जाते. भांडण असेल ते विसर्जनानंतर. सासूबाईंनी तो नियम कडक पाळला आणि आमच्याकडूनही पाळून घेतला. सिंधूला हे माहीत होतं. मी तीन दिवस तोंड उघडणार नाही हे ओळखूनच ती बोलली. हे मी तेव्हा समजले आणि आजही मला त्याबद्दल शंका नाही.

तीन दिवस मी पुरण वाटलं आणि गप्प राहिले. देवी गेल्या आणि मी तशीच मोघ्यांच्या घरी गेले. "मास्तर, सिंधूने खिडक्या आधी कापल्या होत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. कीव होती त्यात. "जाऊ द्या बाई," ते म्हणाले, "वयाने होतं. माझाही चष्मा वाढला." तीन दिवसांचं पुरण आंबतं, तसं तीन दिवसांनी सांगितलेलं खरंही आंबतं. घरी आले तर टेबलावर मूठ सिंधूच्या बाजूला ठेवलेली, आणि ती माझ्या खुर्चीत, खिडकीजवळच्या. मास्तर त्या तीन दिवसांतच तिला सांगून गेले होते. मी म्हटलं, "सिंधू, मास्तरले खरं सांग."

"झालं गेलं, बाई. काहून मनावर घेऊन राहिल्या? धरायचं काम काय कमी आहे का?"

"सांगशील का नाही?"

"उजेड अडवू नका," ती म्हणाली.

त्यानंतर मी समोरच्या खुर्चीत बसले. लोक विचारतात, तेव्हाच काम का नाही सोडलं? मी का सोडू? तिने माझी खुर्ची घेतली म्हणून मी माझं टेबलही सोडू? मी धरत राहिले, बर काढत राहिले. बराच काळ आम्ही टेबलावर बोललोच नाही. माझं ठक आणि तिचं "हं". तेही तोंड न उघडता, नाकातून, कोणी उपकार केल्यासारखं. पुढे भांडणं पुन्हा सुरू झाली, कूलर, मीठ, लाइटचं बिल, तेव्हा घरातल्यांना बरं वाटलं. मला वेगळं काही नको होतं. तिने मोघ्यांसमोर किंवा नुसतं माझ्यासमोर एवढंच म्हणायचं होतं, की तुमचा हात थरथरत नव्हता, चूक माझी होती. प्रशांतच्या लग्नात मी वाट पाहिली. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्या शेजारी बसून होते, तेव्हाही पाहिली. माझा गेला तेव्हाही. माणसं अशा वेळी बोलतात. ती बोलली नाही.

आणि मग मागच्या दिवाळीनंतर तिचा हात थरथरायला लागला.

हे मोघ्यांना दिसलं नाही, प्रशांतला दिसलं नाही. मला डोळ्यांनी दिसलं नाही, बोटांना कळलं. मी पत्रा धरून होते आणि त्यातून एक वेगळीच थरथर आली, पत्रा सुटायच्या आधीची नव्हे, मुठीतून आलेली. मी मान वर केली. तिची मान खाली. काही दिवसांनी बिटं तुटायला लागली. "आजकाल बिटंच खराब येऊन राहिले," ती म्हणाली. "हो का," मी म्हटलं. बिटं तीच होती. मोघे येत, पत्रे उजेडात धरत, "वा सिंधूताई" म्हणत. तेव्हा सांगून टाकायला मला एक वाक्य पुरलं असतं, तिने वापरलं होतं तेच. मी सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. तिचं वाक्य मी माझ्या तोंडात का घेऊ? मला वाटलं, आता तिला सांगावंच लागेल. स्वतःचा हात थरथरायला लागल्यावर तरी माणसाला आठवेल की कोणावर काय घातलं होतं. म्हणून मी वाट पाहिली, आणि तोवर पत्रा वाया जाऊ नये म्हणून जास्त घट्ट धरायला लागले, आणि ठक जरा आधी द्यायला लागले. तिला ते कळलं. ठक लवकर आलं की ती माझ्याकडे एकदा पाहायची आणि मग "हं". पत्रे नीट निघत होते. ते मी पत्र्यांसाठी केलं.

कामठीला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही टेबलावर होतो. कूलर बंद, दोघींना घाम. दोन बिटं लागोपाठ तुटली. सिंधूने मूठ खाली ठेवली. मग ती टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "डोळे दुखून राहिले माझे. घ्या, तुम्ही पाडा."

इतक्या वर्षांनी मूठ माझ्यासमोर होती. मी हात लावला नाही. "डोळे का हात?" मी विचारलं.

"डोळे म्हटलं ना."

"सिंधू, आधी बोल."

"काय बोलू?"

"तुले माहीत आहे."

तिला माहीत होतं. चेहऱ्यावर दिसलं. ओठ हलले, मी पाहिलं. मग तिने मूठ परत ओढून घेतली. "राहू द्या. तुमाले नाही जमत तर राहू द्या." आणि नवं बिट बसवायला लागली. ते लवकर बसलं नाही. मी पत्रा धरला, ठक दिलं, तिने "हं" म्हटलं, त्या भोकानंतर आम्ही उठलो. सकाळी मी कामठीची बस धरली. ती दारात आली नाही. ती कधीच येत नसे.

लेक म्हणते, आई, घ्यायची होतीस ती मूठ, तिची तीच रीत असेल सांगायची. मी लेकीला म्हटलं, रीत नको होती मला, वाक्य हवं होतं. मोघ्यांसमोर तिने वाक्यच म्हटलं होतं, पत्रा सरकवला नव्हता. आज पुन्हा ती मूठ समोर आली तरी मी हेच म्हणेन, आधी बोल. मरण आलं म्हणून हिशेब बदलत नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी मोघे आले. अर्ध्या गाडीचं काम पडून होतं. दारातच घुटमळले. "बाई, विचारू की नको... हे पुरं करायला दुसरं कोणी मिळत नाही. पण तुमचा हात..."

"आणा इकडे," मी म्हटलं.

मी त्यांना तेव्हा खिडक्यांचं पुन्हा सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा कीव करून ऐकलं असतं आणि घरी जाऊन विसरले असते. मोघे रविवारची पुरवणी शब्द न् शब्द वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे. मास्तर, त्या खिडक्या सिंधूने आधी कापल्या होत्या.

आता खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. समोर धरायला माणूस नाही. प्रशांतची बायको बसते म्हणाली, पण तिची बोटं मोबाइलची, तिला पत्र्याचं काही कळत नाही. मोघ्यांनी एक लहान शिकंजा आणून दिला, तो ठोकळ्याला कसायचा, पत्रा त्याच्या जबड्यात. एका बाजूने तो धरतो, दुसऱ्या बाजूने माझा डावा हात. मेणबत्तीला बिट टेकवते, मूठ फिरवायला लागते. सगळं येतं. इतक्या वर्षांनी बसले तरी बोटं काही विसरली नाहीत. पत्रा शहारतो, डाव्या हाताला कळतं आणि माझं नख आपोआप ठोकळ्यावर ठक करतं. इथपर्यंत ठीक. पण त्यापुढे उजवा हात हलत नाही. बिट अर्ध्यात, मेणबत्ती समोर जळते आहे, आणि मी बसून राहते. समोरची खुर्ची रिकामी आहे हे मला दिसतं, मी काही वेडी नाही. तरी हात थांबतो. पहिल्या दिवशी मी जबरदस्ती केली, फिरवून पाहिलं, तर बिट तुटलं. मी सिंधूला मोठ्याने शिवी दिली. आत प्रशांतची बायको दचकली.

मग एक उपाय सापडला. ठक झालं की मीच म्हणते, "हं." तिच्यासारखं, तोंड मिटून, नाकातून, उपकार केल्यासारखं. साध्या "हं"ने चालत नाही, करून पाहिलं. तिच्यासारखंच लागतं. तसं म्हटलं की हात हलका होतो, शेवटचे वेढे फुंकरीसारखे जातात आणि भोक पडतं, दांडीचं, दाराजवळचं. मी पत्रा उचलते आणि समोरच्या खुर्चीपुढे, खिडकीच्या उजेडात धरते. भोक गोल, काठ साफ. बघ, म्हणते मी. हात थरथरत नाही. कधीच थरथरत नव्हता.